सीओपीडी आणि फुफ्फुसातले व्हॉल्व्ह : कोकणातून निघण्याआधी काय तपासायचं

कातळसडा

"बाबांना इन्हेलर पुरत नाही, फुफ्फुसात व्हॉल्व्ह बसवतात म्हणे, कुठे बसवतात?" रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. (सीओपीडी म्हणजे तंबाखू किंवा धुराने श्वासनळ्या आणि फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार.) कुठे बसवतात हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: फुफ्फुसात अडकून राहणारी हवा (रेसिड्युअल व्हॉल्यूम, पुढे 'आरव्ही') अपेक्षेच्या किती टक्के आहे, आणि फुफ्फुसाच्या खंडांमधलं फिशर, म्हणजे त्यांना वेगळं करणारी भेग, सलग आहे का. ही दोन उत्तरं हातात नसताना मुंबईची खेप बहुतेक वाया जाते.

व्हॉल्व्हने श्वासनळी उघडते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो नळी बंद करतो. एम्फिसीमात बारीक वायुकोशांच्या भिंती नाहीशा होऊन मोठ्या पोकळ्या होतात. श्वास आत जातो, सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आतच राहते. अशी फुगलेली फुफ्फुसं श्वासपटलाला खाली दाबून सपाट करतात. सपाट झालेल्या पडद्याला खेचायला वावच उरत नाही, म्हणून चार पावलांत धाप लागते. सगळ्यात खराब झालेला एक खंड निवडून त्याच्या प्रत्येक फाट्यात एकतर्फी व्हॉल्व्ह बसवले की त्यातली हवा आणि कफ बाहेर येतो, नवी हवा आत जात नाही. खंड आक्रसतो, शेजारच्या बऱ्या खंडाला जागा मिळते आणि पडदा पुन्हा वर सरकतो.

दोन बनावटी वापरात आहेत. झेफिर म्हणजे नितिनॉल तारेची जाळी आणि आत सिलिकॉनची बदकाच्या चोचीसारखी झडप. स्पायरेशन छत्रीच्या आकाराचा, नितिनॉलच्या काड्यांवर पॉलियुरेथेनचा पडदा. अमेरिकेच्या एफडीएने दोन्ही २०१८ मध्येच मंजूर केले, पहिला जूनमध्ये, दुसरा डिसेंबरात. दोन्ही दुर्बिणीतून बसवतात, कापाकाप नाही, आणि गरज पडली तर काढता येतात.

खाडीपल्याड

निकषांचे आकडे देतो. केंद्रागणिक थोडा फरक पडतो, पण साधारण चौकट अशी. ब्रॉन्कोडायलेटर (नळ्या मोकळ्या करणारं औषध) घेतल्यावरचा एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, अपेक्षित मूल्याच्या १५ ते ४५ टक्क्यांत. एकूण फुफ्फुस क्षमता १०० टक्के किंवा वर. आरव्ही किमान १७५ टक्के, आणि रोग सगळ्या खंडांत सारखाच पसरलेला असेल तर २०० च्या पुढे. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर १०० ते ५०० मीटर. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ५० मिमी पाऱ्याच्या वर नको. एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुफ्फुसाच्या धमनीचा दाब ४५ मिमी पाऱ्याच्या खाली हवा. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) रोज २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालू असेल तर बहुतेक ठिकाणी थांबवतात.

तंबाखू सुटून किमान चार महिने झालेले हवेत, आणि हे नुसतं तोंडी मानत नाहीत. लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा अंश, तपासतात. इथे एक गोची होते. बिडी खरंच सुटलेली असते, पण सकाळची मिश्री चालूच असते. मिश्रीत तंबाखूच आहे, त्यामुळे तपासणी पॉझिटिव्ह येते आणि पेशंट खोटं बोलतोय असा समज होतो. तेव्हा मिश्रीसुद्धा बंद, आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो: खोट्या दागिन्यांनी कान-मान खाजते का, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येतं का? नितिनॉलमध्ये निकेल असतं. निकेलची ॲलर्जी असेल तर गाडी तिथेच थांबते.

तिठा

तालुक्याच्या ठिकाणच्या स्पायरोमेट्रीत एफईव्ही१ ३१ टक्के आहे, पण रिपोर्टवर आरव्ही कुठेच नाही. तेवढ्यावर अंदाज बांधता येईल का?

खाडीपल्याड

नाही. स्पायरोमीटर बाहेर फुंकलेली हवा मोजतो. आरव्ही म्हणजे पूर्ण फुंकल्यावरही आत उरलेली हवा, ती यंत्रापर्यंत येतच नाही. त्यासाठी बॉडी प्लेथिस्मोग्राफी लागते, काचेच्या बंद पेटीत बसून करायची. हेलियम डायल्यूशननेही आरव्ही काढतात, पण गंभीर एम्फिसीमात तो आकडा कमी येतो, कारण कोंडलेल्या पोकळ्यांत हेलियम वेळेत मिसळत नाही. १६० टक्के आला म्हणून नाकारलेला पेशंट काचपेटीत २१० दाखवू शकतो. म्हणून रिपोर्टवर पद्धत कोणती लिहिली आहे ते आधी बघा.

काचपेटी (बॉडी बॉक्स) जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेलच असं नाही. फोन करताना "पीएफटी (फुफ्फुसांची चाचणी) होते का" असं विचारलंत तर सगळीकडून "हो" येईल. "बॉडी बॉक्स आणि डीएलसीओ होतं का, यंत्र आज चालू आहे का" असं विचारा. डीएलसीओ म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याची चाचणी. कोल्हापूर, बांबोळी (गोवा), पुणे, मुंबई, जवळ पडेल तिथे एकाच दिवशी दोन्ही उरका.

कातळसडा

सीटीबद्दलही तेच. साधा छातीचा सीटी असून भागत नाही. मोजणीच्या सॉफ्टवेअरला दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, सलग, कॉन्ट्रास्टशिवाय काप लागतात, पूर्ण श्वास घेऊन धरलेल्या अवस्थेत. जमल्यास श्वास सोडलेल्या अवस्थेतलाही संच घ्या. काप जाड असतील तर फिशरची रेघ तुटक दिसते आणि शाबूत फिशरही अर्धवट वाटतं. फिल्म घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम (सीटीच्या मूळ चित्रांच्या) फाइली मागा. सीटी सेंटरवाले फिल्म देऊन मोकळे होतात आणि काही महिन्यांनी मूळ डेटा पुसतात. मग तोच सीटी पुन्हा, तोच खर्च पुन्हा.

सॉफ्टवेअर प्रत्येक खंडात किती टक्के भाग उणे ९१० हाउन्सफिल्डच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) खाली गेलाय ते काढतं. म्हणजे किती टक्के भाग जवळजवळ नुसती हवा उरलाय. त्याच बाजूच्या दोन खंडांत १५ टक्क्यांचा किंवा जास्त फरक असेल तर लक्ष्य ठरवणं सोपं जातं.

सुरंगी

फिशरच का महत्त्वाचं, ते कोणीतरी नीट उलगडून सांगा. इथेच सगळ्यांची समजूत अडते.

खाडीपल्याड

उजव्या फुफ्फुसात तीन खंड, डाव्यात दोन, आणि त्यांच्यामध्ये फिशर. ते सलग असेल तर प्रत्येक खंड स्वतंत्र राहतो. अर्धवट असेल तर शेजारच्या खंडातून छुप्या वाटांनी हवा येत राहते. पुढचं दार व्हॉल्व्हने बंद केलंत तरी मागच्या दाराने घर भरतं, खंड आक्रसत नाही, आणि फायदा शून्य.

सीटीच्या मोजणीत फिशर ९५ टक्क्यांहून अधिक पूर्ण असेल तर उत्तम. ८० च्या खाली असेल तर व्हॉल्व्हचा विचार सोडून द्यावा. मधल्यांची चाचणी दुर्बिणीतूनच होते, तिला चार्टिस म्हणतात. फुगा लावलेली बारीक नळी लक्ष्य खंडाच्या तोंडाशी नेऊन फुगा फुगवतात. आता त्या खंडातली हवा फक्त नळीच्या मधल्या पोकळीतून यंत्राकडे येऊ शकते. प्रवाह हळूहळू कमी होत शून्यावर आला तर मागचं दार बंद आहे. प्रवाह येतच राहिला तर उघडं आहे.

ही चाचणी कधी कधी फसते. नळीच्या तोंडाशी कफ अडकला तर प्रवाह एकदम शून्य दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. खरा शून्य उतरत उतरत येतो, कफाचा शून्य धाडकन येतो. त्यामुळे आलेख बघणारा माणूस अनुभवी हवा. फुगा नीट न बसल्याने बाजूने हवा निसटणं ही दुसरी अडचण.

उजव्या वरच्या आणि मधल्या खंडामधलं आडवं फिशर पुष्कळांचं जन्मतःच अर्धवट असतं. डावीकडे सलग फिशर मिळण्याची शक्यता त्यामानाने जास्त. काही वेळा उजवीकडचे वरचा आणि मधला असे दोन्ही खंड मिळून बंद करतात.

कातळसडा

यात कोकणाची म्हणून एक बाब आहे. आपल्याकडे बायकांमधला बराचसा सीओपीडी बिडीचा नाही, चुलीचा आहे. लाकूडफाटा, नारळाची सोडणं, झावळ्या, पावसाळ्यात ओली लाकडं, आणि धूर बाहेर जायला जेमतेम कौलांच्या फटी. चुलीच्या धुराने होणाऱ्या आजारात नळ्यांची सूज आणि जाडी जास्त, एम्फिसीमा कमी असतो. व्हॉल्व्ह एम्फिसीमासाठी आहेत. त्यामुळे एफईव्ही१ तितकाच कमी आणि धापही तितकीच असूनही अशा पेशंटला हे उपचार बरेचदा लागू पडत नाहीत. सीटी बघून "तुमच्यासाठी नाही" म्हणाले तर डॉक्टरांनी टाळलं असं समजू नका. दुसरीकडे जाऊन तोच सीटी दाखवण्यात पैसे घालवू नका.

जुना टीबीही असाच. वरच्या खंडात टीबीचे व्रण, चिकटलेलं प्ल्युरा (फुफ्फुसाचं आवरण), ब्रॉन्किएक्टेसिस (कायमच्या रुंद झालेल्या नळ्या) असेल तर खंड आक्रसतानाच फाटण्याचा किंवा सडण्याचा धोका. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी आधी झालेली हवी. ॲक्टिव्ह संसर्गावर व्हॉल्व्ह बसवत नाहीत.

सुरंगी

फायदा किती, ते आकड्यांत सांगते, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. २०१८ ची लिबरेट चाचणी १९० जणांवर झाली, १२८ जणांना झेफिर व्हॉल्व्ह, ६२ जणांना फक्त औषधं आणि व्यायाम. एक वर्षाने एफईव्ही१ १५ टक्क्यांनी किंवा जास्त सुधारलेले व्हॉल्व्ह गटात ४७.७ टक्के, दुसऱ्या गटात १६.८. सहा मिनिटांच्या चालीत व्हॉल्व्ह गट दुसऱ्यापेक्षा सरासरी ३९ मीटरने पुढे. यात निवड अत्यंत काटेकोर होती हे विसरू नका. २०१० च्या व्हेंट चाचणीत फिशरची अट नव्हती, तिथे फायदा अगदी माफक निघाला होता.

३९ मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण जो माणूस सहा मिनिटांत १८० मीटर चालतो, त्याच्यासाठी न्हाणीपर्यंत न थांबता जाणं आणि दोनदा टेकावं लागणं यातला तो फरक आहे. डोंगरउतारावरच्या वाडीतून शेंदोनशे पायऱ्या चढून रस्त्यावर येणं मात्र यातून परत मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता दुसरी बाजू. त्याच चाचणीत व्हॉल्व्ह गटात पहिल्या ४५ दिवसांत २६.६ टक्के लोकांना न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा भरली. चौघांत एक. आणि त्या ४५ दिवसांत १२८ पैकी ४ जण दगावले. संमतिपत्रावर सही करण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवा, फक्त मोठ्या मुलाला नव्हे.

तिठा

नीट बसवलं तरी हवा का भरते?

खाडीपल्याड

नीट बसवलं म्हणूनच बरेचदा भरते. लक्ष्य खंड झपाट्याने आक्रसला की शेजारचा खंड ती जागा घ्यायला तितक्याच झपाट्याने फुगतो. तोही एम्फिसीमाने पातळ झालेला असतो, कुठेतरी चीर जाते. ज्यांची फिशर सलग, त्यांनाच फायदा जास्त आणि त्यांनाच हा धोकाही जास्त.

बहुतेक न्यूमोथोरॅक्स पहिल्या तीन दिवसांत होतात, म्हणून किमान तीन रात्री हॉस्पिटलात ठेवतात. बसवल्यावर लगेच आणि मग रोज एक्स-रे काढतात. प्रक्रिया स्वतः अर्ध्या-पाऊण तासाची, पूर्ण भूल देऊन, बहुतेकांना तीन ते पाच व्हॉल्व्ह. एकही फाटा उघडा राहिला तर सगळं फुकट, म्हणून माप आधी मोजून घेतात. काही केंद्रांत पहिले ४८ तास पलंगावरच, खोकला दाबायचं औषध, आणि पाच दिवस अँटिबायोटिक व स्टिरॉइड अशी पद्धत आहे.

छोटा न्यूमोथोरॅक्स, धाप वाढलेली नाही, तर नुसतं लक्ष ठेवतात. मोठा असेल तर बरगड्यांमधून नळी. आठवडाभर हवा येतच राहिली तर एखादा व्हॉल्व्ह काढून खंडाला थोडा फुलू देतात, चीर मिटली की पुन्हा बसवतात.

रापण

ह्या सगळा ठीक आसा, पण तीन रात्रींनी सोडल्यार देवगडाक घरी येवचा की थयच रवायचा? वाटेत काय झाला तर?

कातळसडा

रापण, खरा मुद्दा हाच. तीन रात्री हा चाचण्यांमधला किमान आकडा आहे, आणि तो मोठ्या हॉस्पिटलपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्यांना पुरतो. देवगड, गुहागर, हरिहरेश्वरकडच्या माणसाने डिस्चार्जनंतर आणखी आठवडाभर तरी त्याच शहरात, पायऱ्या न चढता राहता येईल अशा जागी थांबावं असं माझं स्पष्ट मत. तिसऱ्या दिवशी एक्स-रे स्वच्छ असूनही पुढच्या काही दिवसांत हवा भरू शकते. करूळ घाटात किंवा परशुराम घाटाच्या कोंडीत भरली तर १०८ पोचेपर्यंत हातात काहीच नसतं. एकट्याने तर मुळीच राहू नये. छातीत अचानक एका बाजूला कळ आली आणि धाप एकदम वाढली, तर इन्हेलरचे पफ मोजत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जाऊन एक्स-रे.

खोली, जेवण, सोबतच्या माणसाची रजा हे सगळं धरून दोन आठवड्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवा. लोक व्हॉल्व्हची किंमत धरतात आणि लॉजचं भाडं विसरतात.

मोसमही बघून ठरवा. जुलै-ऑगस्टात घाट बंद, गाड्या रद्द, वीज गायब. फेब्रुवारीपासून भाजावळ सुरू, तरव्यावर कवळं-गवत जाळतात त्याचा धूर दोन-दोन महिने. शिमग्याच्या होळ्या त्यात वेगळ्या. पहिले सहा आठवडे छाती शांत राहायला हवी असेल तर ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ बरा. गणपतीच्या तोंडावर कोणी तारीख घेऊ नये. घरी माणसं येणार, आणि त्यातला निम्मा तरी सर्दी घेऊन येणार.

सुरंगी

गावच्या डॉक्टरांसाठी एका पानाची चिठ्ठी तयार ठेवा, केंद्राच्या सही-शिक्क्यासह. कोणत्या खंडात, किती आणि कोणत्या मापाचे व्हॉल्व्ह, तारीख, डिस्चार्जच्या दिवशीचा एक्स-रे. आक्रसलेला खंड एक्स-रेवर पांढरा दिसतो. माहीत नसेल तर कोणीही तो न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकच्या सुया सुरू करेल. उलट फुगलेल्या फुफ्फुसात न्यूमोथोरॅक्सची बारीक रेघ सहज सुटते. जुना एक्स-रे शेजारी ठेवला तरच दोन्ही ओळखता येतं.

त्याच कागदावर ठळक अक्षरात: ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ऑक्सिमीटरवर ८६ दिसलं की मास्क लावून ९९ पर्यंत नेणं ही आपल्याकडची सर्रास चूक. या पेशंटांत त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, आता शांत झोप लागली.

नळी घालून पुढे पाठवायची वेळ आली तर पाण्याची बाटली छातीच्या पातळीच्या कायम खाली. नळीला चिमटा लावायचा नाही. बुडबुडे चालू असताना चिमटा लावला तर हवा आत कोंडून दाब वाढतो आणि माणूस वाटेतच जाऊ शकतो. गाडीत बसवताना बाटली मांडीवर घेऊ नका, पायाशी उभी धरा.

पडवी

फिजिओच्या बाजूने थोडं. व्हॉल्व्हच्या आधी सहा ते आठ आठवडे पल्मनरी रिहॅब (फुफ्फुसांसाठीचा व्यायाम-कार्यक्रम) झालेलं हवं, बहुतेक केंद्रं त्याशिवाय यादीतच घेत नाहीत. ते बरोबरच आहे. काहींना त्यानेच इतका फरक पडतो की जोखीम घ्यायची गरज उरत नाही.

केंद्र लांब असेल तर घरी असं करा. सहा मिनिटांच्या चालीचं अंतर काढून घ्या, सरळ ३० मीटरच्या वाटेवर. समजा २४० मीटर आले, म्हणजे मिनिटाला ४०. त्याच्या ८० टक्के म्हणजे मिनिटाला ३२ मीटर, हा व्यायामाचा वेग. पावसाळ्यात पडवी ८ मीटर लांब असेल तर मिनिटाला चार फेऱ्या, एक जाणं म्हणजे एक फेरी. सुरुवातीला ५ मिनिटं, विश्रांती, पुन्हा ५. दर आठवड्याला थोडं वाढवत सलग २० मिनिटांवर या, आठवड्यातून पाच दिवस. धाप 'बोलता येतं पण गाता येत नाही' इतकी हवी. ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर थांबायचं आणि ऑक्सिजन लावून चालण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं.

मांड्यांसाठी खुर्चीतून उठ-बस, हात न टेकता, दहाचे दोन संच. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. उठताना ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. उठण्याच्या क्षणी श्वास रोखून धरतात ही नेहमीची चूक.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पोटभर पेज प्यायली की पोट पडद्याला वर रेटतं आणि चालणं बुडतं. वजन उतरलेल्यांनी पेजेच्या पाण्यावर राहू नये. मासे, अंडी, कुळीथ रोज पोटात जायला हवं.

गडगा

इन्हेलरचं विसरू नका. पावडरच्या कॅप्सूल कोकणात जूननंतर दमट होतात, पावडर गठ्ठा होऊन कॅप्सूलमध्येच राहते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उजेडात धरून बघा, आत पावडर चिकटलेली दिसली तर डोस गेलाच नाही. डबीतून एका वेळी एकच काढा, झाकण लगेच घट्ट. चुलीजवळच्या फळीवर, न्हाणीच्या भिंतीला किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. शिवाय पावडर जोरात ओढायची असते, पंपाचा फवारा स्पेसरमधून सावकाश, आणि मग १० सेकंद श्वास धरायचा. दोन्ही औषधं चालू असलेले नेमकं उलट करतात. 'इन्हेलर पुरत नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं दुखणं इथेच सापडतं.

ज्यांना घरी ऑक्सिजन आहे त्यांच्यासाठी विजेचं गणित. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, पण इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण न उपसण्याचं धोरण धरलं तर हाती ११०० च्या आसपास. म्हणजे तीन तास. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर तापतो, आणि सुरू होताना जास्त करंट ओढतो म्हणून एक केव्हीएच्या खाली नको. जोडीला बी टाइप सिलिंडर भरलेला हवाच. त्यात सुमारे १५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एका सिलिंडरवर निर्धास्त राहू नका. फिरवून भरून देणारा जवळचा डीलर कोण, तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तिठा

खर्चाचं कोणी बोललं नाही.

कातळसडा

किंमत व्हॉल्व्हच्या नगावर असते, आणि किती लागतील ते दुर्बीण आत गेल्यावर ठरतं. म्हणून लेखी अंदाजपत्रक मागताना तीन नगांचं आणि पाच नगांचं असे दोन आकडे घ्या. चार्टिसची नळी एकदाच वापरायची, तिचं बिल वेगळं. ती चाचणी नापास झाली तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, पण नळी, भूल आणि खोलीचा खर्च द्यावाच लागतो. तेव्हा 'चाचणी नापास झाल्यास किती' हा तिसरा आकडा. आणि चौथा: न्यूमोथोरॅक्स होऊन मुक्काम आठवड्याने लांबला तर किती.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण मंजुरी पॅकेजच्या यादीप्रमाणे मिळते. आरोग्यमित्राला प्रक्रियेचं नेमकं नाव दाखवून विचारा. खाजगी विम्यात आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा संपली आहे का, आणि आत बसवायच्या वस्तूंवर मर्यादा आहे का, हे पूर्वमंजुरीत लेखी घ्या.

सुरंगी

आणि नाकारलं गेलं तर? तिथेच सगळं संपतं असं नाही. फिशर अर्धवट पण रोग वरच्या खंडात एकवटलेला असेल, तर खराब भाग कापून काढायची शस्त्रक्रिया हा पर्याय राहतो. २००३ च्या नेट चाचणीत वरच्या खंडाचा रोग आणि व्यायामक्षमता कमी असलेल्यांना त्याने फायदा झाला. एफईव्ही१ २० टक्के किंवा त्याहून कमी आणि त्यात डीएलसीओही २० च्या आत किंवा रोग सर्वत्र सारखा, त्यांच्यात मात्र मृत्यू जास्त झाले. छातीच्या एका बाजूचा तिसरा हिस्सा व्यापणारा एकच मोठा फुगा असेल तर तो काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी. २०२३ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या सेलेब चाचणीत, ८८ जणांत, शस्त्रक्रिया व्हॉल्व्हपेक्षा सरस ठरली नाही. दोन्ही चालत असतील तिथे निर्णय घाईने घेऊ नका, छातीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांचं एकत्र मत घ्या.

रापण

शेवटचा एक. खोकल्यातसून व्हॉल्व्ह भायर इलो तर?

खाडीपल्याड

क्वचित येतो. माप लहान पडलं किंवा नळीचं तोंड फार आखूड असलं की सरकतो. बहुधा त्याच्या आधी खोकल्याचा प्रकार बदलतो, नाहीतर मिळालेला आराम अचानक जातो. बाहेर आला तर फेकू नका आणि उकळत्या पाण्यातही घालू नका. स्वच्छ डबीत ठेवा, केंद्राला फोन करा, एक्स-रे काढून बाकीचे जागेवर आहेत का ते बघा. डबी सोबत न्या. कोणत्या मापाचा निसटला ते कळलं की चिठ्ठीवरून कोणता फाटा उघडा पडलाय ते शोधणं सोपं जातं, आणि त्या जागी पुढचं माप बसवता येतं. ४५ दिवसांनी सीटी ठरलेला असतोच, त्यात लक्ष्य खंड किमान ३५० मिलिलिटरने आक्रसलेला दिसायला हवा. तेवढा दिसला नाही तर एखादा व्हॉल्व्ह तिरका बसलाय का, ते पुन्हा दुर्बिणीने बघतात.